पातेऱ्यातला ताप

त्या वानराला बाबांनी आणि वाड्यावरच्या आणखी दोघांनी मिळून पुरलं. २०१६ चा फेब्रुवारी सरत आला होता. आमची काजूची बागायत गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईहून बरीच आत. तिथे बागायत कुठे संपते आणि रान कुठे सुरू होतं, ते फक्त सर्व्हेच्या नकाशात दिसतं. वरच्या अंगाला एका धोंडीच्या आडोशाला ते वानर पडलेलं होतं. अंगावर जखम नाही, जवळपास विजेची तार नाही. आमच्याकडे मेलेलं वानर तसंच टाकून कोणी पुढे जात नाही. मारुतीचं रूप ते. बाबांनी खांद्यावरचा पंचा काढून त्यात त्याला गुंडाळलं, तिघांनी धरून खाली सपाटीवर आणलं, खड्डा खणला, जास्वंदीची फुलं वाहिली, उदबत्ती लावली. पंचा नवा होता. तो काढून घेतला, दोनदा झटकला आणि बाबांनी परत खांद्यावर टाकला.

आईने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा माझा जीव भरून आला. मी तिला एवढंच विचारलं की खड्डा खोल खणला ना, कुत्री उकरणार नाहीत ना. दुसरं काही विचारायचं मला सुचलं नाही, आणि मी फोंड्यातल्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रोगजंतूंवरच माझं पोट चालतं.

सहाव्या दिवशी दुपारी बाबा बागेतून अर्ध्यात परत आले. आमच्या घरात ही गोष्ट कधी होत नाही. मार्चच्या तोंडावर बोंडू, म्हणजे काजूची फळं, पडायला लागले की बाबा सूर्य मावळतीला जाईपर्यंत बागेत असतात, टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन. वाकायचं नाही, काठीने बोंडू टोचून उचलायचा, बी पिरगळून एका डब्यात, बोंडू दुसऱ्यात. त्या दिवशी ते पायरीवर बसले ते बसलेच. कपाळ फुटतंय म्हणाले. कमरेत आणि पोटऱ्यांत अशा कळा, की आईने पायाला हात लावला तरी ओरडले. रात्री ताप १०४.

दुसऱ्या दिवशी भावाने त्यांना जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे 'व्हायरल आहे' म्हणून दुखण्याचं इंजेक्शन टोचलं, गोळ्या बांधून दिल्या आणि घरी पाठवलं. रक्त तपासलं नाही, रानात कुठे गेला होता का हे विचारलं नाही. हे लिहितानाही मला राग येतो. सत्तरीत मार्च महिन्यात काजूवाल्या माणसाला अंग मोडून ताप आला, तर पहिला प्रश्न रानाचाच असायला हवा. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, आमच्याच तालुक्यात पालीला हा ताप येऊन गेला होता. आणि प्लेटलेट किती आहेत हे न बघता दुखण्याचं इंजेक्शन देणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

चौथ्या दिवशी बाबांचे डोळे लालभडक झाले, चूळ भरली तर थुंकीत रक्त. भाऊ सकाळच्या पहिल्या बसने रक्ताची नळी घेऊन माझ्याकडे आला.

नळीवर बाबांचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलं. पांढऱ्या पेशी २,१००. प्लेटलेट ५८ हजार. मशीनवर विश्वास बसेना म्हणून काचपट्टीवर रक्त ओढलं, रंगवलं, तेलाचा थेंब टाकून शंभरच्या भिंगाखाली धरलं. एरवी एका नजरेत दहा-पंधरा प्लेटलेट सहज दिसाव्यात, तिथे जेमतेम तीन-चार. मलेरियाचा परजीवी नाही. डेंग्यूची पट्टी निगेटिव्ह. भाऊ समोरच्या बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा मी घरी फोन लावला आणि आईला विचारलं, त्या वानराच्या अंगावर काही होतं का गं? आई म्हणाली, "गोचडी होत्या बारीक. कानामागे झुपक्याने. बाबा म्हणाले, बिचाऱ्याला किती पिडलंय बघ."

फोन ठेवला आणि माझं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. हातमोजे होते, पण साधे. टेबलावर उघडी नळी. ज्या विषाणूचा मला संशय होता, त्याने त्याच्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांमधली कितीतरी माणसं आजवर आजारी पाडली आहेत. खास बंदिस्त व्यवस्था असल्याशिवाय तो हाताळत नाहीत. नळीचं बूच लावताना पहिल्यांदाच माझी बोटं कापली. रोज शंभरेक नळ्या माझ्या हाताखालून जातात, त्यातली प्रत्येक नळी कोणाच्या तरी बाबांची असते, हे त्या सकाळी माझ्या अंगात भिनलं ते आजतागायत उतरलेलं नाही.

त्याच दुपारी बाबांना वाळपईच्या सरकारी रुग्णालयात आणि संध्याकाळी तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं. नमुना तीन वेष्टनांत बांधून, बर्फात ठेवून गोव्याबाहेर गेला. उत्तर आलं : क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपल्याकडे सगळे म्हणतात माकडताप.

या नावाबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

क्यासनूर हे कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यातलं जंगल. १९५७ च्या उन्हाळ्यात तिथे माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले लोक तिथे पोचले. आज त्या केंद्राला आपण राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणतो. आधी त्यांना धास्ती पडली ती पीतज्वराची (यलो फीव्हरची), कारण माकडं आणि माणसं एकाच वेळी मरण्याची ती ओळखीची खूण होती आणि भारतात पीतज्वर कधीच नव्हता. निघाला तो वेगळाच विषाणू. डेंग्यू आणि पीतज्वराच्याच कुळातला, पण डासांतून न पसरणारा. त्याचे सख्खे भाऊबंद थेट रशियाच्या जंगलात, तिथल्या गोचिडींत. क्यासनूरच्या विषाणूचं वाहनही गोचीडच : हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. पुढची कित्येक वर्षं हा ताप शिमोगा आणि भोवतालच्या जिल्ह्यांतच घुटमळत राहिला. मग २०१२ मध्ये बंदीपूर, पुढे केरळात वायनाड, २०१५ मध्ये आमची सत्तरी, २०१६ मध्ये सीमेपलीकडे दोडामार्ग आणि नंतर बांदा. सह्याद्रीच्या कण्यावरून तो सरकत गेला.

यात माकडाचा गुन्हा काय? वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघंही या विषाणूने आजारी पडतात, बहुतेक वेळा मरतात. म्हणजे ती माझ्या बाबांसारखीच रोगी. विषाणू रानात टिकतो तो गोचिडींत आणि उंदीर, चिचुंद्र्या अशा जमिनीलगतच्या बारीक प्राण्यांत. गोचिडीच्या पिल्लाने अशा प्राण्याचं किंवा आजारी माकडाचं रक्त प्यायलं की विषाणू तिच्यात शिरतो, ती कात टाकून मोठी झाली तरी तिच्यात राहतो, मरेपर्यंत राहतो. माकड मेलं की त्याचं अंग गार पडतं आणि अंगावरच्या गोचडी उतरून खालच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पानांच्या थरात, पसरतात. त्यानंतर तिथून जो जाईल तो त्यांचा. मेलेलं माकड ही रानाने आपल्याला दिलेली आगाऊ खबर आहे. पण 'माकडताप' म्हटलं की लोक माकडांना हाकलतात, दगड मारतात, आणि पातेऱ्यात मात्र अनवाणी चालतात.

आजारांची नावं डोळ्यांना दिसेल त्यावरून पडतात, ही आपली जुनीच रीत. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात कॉलऱ्याचं वर्णन करून ठेवलंय आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही नोंदवलंय. तो शब्द आपला मोडशी. माणूस उभ्याउभ्या मोडून पडतो ती मोडशी. पोर्तुगीजांनी त्याचं मोर्देशीं केलं आणि फ्रेंचांच्या कानाला ते 'कुत्र्याचं मरण' असं ऐकू आलं, तेच नाव तिकडे रूढ झालं. आज आपण मोडशी म्हणतो ते साध्या अपचनाला. रॉबर्ट कॉकने १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू ओळखला, त्याआधीची तीनशेहून जास्त वर्षं आपल्याकडे फक्त नाव होतं, कारण नव्हतं. माकडतापाचं कारण तर आपल्याला सापडल्यालाही कित्येक वर्षं झाली. तरी बोट अजून माकडाकडेच जातं.

बाबांच्या बरं होण्याबद्दल लिहिते. या विषाणूला मारणारं औषध नाही. सलाइन, पॅरासिटामॉल, रक्तदाबावर नजर, लागलं तर रक्त. बाकी शरीर लढतं. बाराव्या दिवसापर्यंत ताप उतरला, प्लेटलेट वर चढल्या, बाबा घरी आले. आईने पेज केली, तोरांचं लोणचं वाढलं, त्यांनी वाटीभर पेज संपवली. आम्ही म्हटलं, सुटलो. आठवड्याने ताप उलटला. या वेळी डोकं असं जड की उजेड सहन होईना, मान दुखायची, हात थरथरायचे, उभं राहिलं की भोवळ. दहातल्या एखाद-दोघा रोग्यांना असा दुसरा फेरा येतो आणि तो मेंदूवर, मज्जासंस्थेवर जातो. हे मला माहीत होतं. आईला मी सांगितलं नव्हतं. परत बांबोळी, परत तीच पलंगांची रांग. शेजारच्या पलंगावर काजू गोळा करणारीच एक बाई होती, रोजंदारीवर जाणारी. तिची मुलगी तिला भरवताना सारखं म्हणायची, "आई, यंदा नको जाऊ." आणि ती बाई डोळे मिटूनच म्हणायची, "मग वह्या कशातून येणार?"

या तापात शंभरातली तीन ते पाच माणसं जातात. बाबा वाचले. पण त्यांचा उजवा हात पावसाळा संपेपर्यंत कापत होता. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे. काठीचा खिळा बोंडवात नेमका बसायचा नाही, बाजूच्या मातीत जायचा, मग ते काठी टेकवून तसेच उभे राहायचे.

त्याच वर्षी मी घरी गेले असताना आईच्या गुडघ्यामागे एक गोचीड सापडली. चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत घातली आणि फोंड्याला घेऊन आले. काढायची रीत अशी की चिमटा अगदी कातडीलगत लावायचा आणि न पिळता सरळ वर ओढायचं, मग जागा साबणाने धुवायची. रॉकेल, चुना, विडीचा चटका यातलं काहीही करायचं नाही. चिडलेली गोचीड उलट जखमेत जास्त लाळ सोडते आणि विषाणू लाळेतूनच येतो. भिंगाखाली ती बघितली. नुसत्या डोळ्यांना राईपेक्षा लहान, तांबूस ठिपका. मोठी केल्यावर आठ पाय, डोळ्यांचा पत्ता नाही, आणि पुढे तोंडाची सोंड. त्या सोंडेवर ओळीने दाते, सगळे मागे वळलेले. म्हणून ती ओढली तरी सुटत नाही. पुढच्या पायांच्या टोकाला एक बारीक खळगा असतो, त्याने ती आपला श्वास आणि अंगाची ऊब ओळखते. उडता येत नाही, उडी मारता येत नाही. गवताच्या टोकाला मागच्या पायांनी धरून, पुढचे पाय पसरून ती वाट बघत राहते. आपण तिला घासून गेलो की झालं. चावलेलं कळतही नाही. मी अर्धा तास भिंगावरून उठले नाही.

माणसाला लागतात त्या बहुतेक अशा मधल्या वयाच्या, पिल्लू नाही आणि पुरती मोठीही नाही अशा गोचडी, आणि त्यांचा हंगाम डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. वेळ एक, जागा एक. म्हणून 'रानात जाऊ नका' हा सल्ला ऐकला की मला गप्प बसवत नाही. आई म्हणते तेच खरं, काजू काय घरी चालत येणार? हुर्राकाची, म्हणजे बोंडवाच्या दारूची, भाटी, वर्षाची मीठमिरची, भावाच्या पोरांची फी, सगळं या तीन-चार महिन्यांत जमवायचं. सल्ला द्यायचा तर तो बागेत जाणाऱ्या बाईला पाळता येईल असा द्या. आमच्याकडे बायका साडीवर किंवा मॅक्सीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून जातात. तो पूर्ण बाह्यांचा असेल तर चांगलंच आहे. उघडे राहतात ते पाय. मार्चच्या उकाड्यात गुडघ्यापर्यंत मोजे घालायला कोणी तयार होत नाही, पण आरोग्य खात्याचे लोक गोचडी दूर ठेवणाऱ्या डेपा तेलाची बाटली देतात ती तरी लावावी. दोन्ही पायांना, हातांना, मानेला, दर काही तासांनी परत. तिचा वास लोकांना आवडत नाही. आई आधी ती बाटली देवळीत ठेवून विसरायची.

आणखी एक जागा लोकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे घराजवळचा पातेऱ्याचा ढीग. गोठ्यात गुरांच्या खाली घालायला, माडाच्या आळ्यात टाकायला आपण रानातून पातेरा झाडून आणतो, आणि त्याबरोबर गोचडी थेट पडवीपर्यंत आणतो. गुरांना या विषाणूने काही होत नाही, पण गोचडींचं पोट त्यांच्यावर भरतं आणि त्यांची पैदास वाढते. आमच्या गोठ्यात आता पातेरा येत नाही, भाताचं गवतच वापरतो. यावरून आईचं आणि काकूचं बरेच दिवस बिनसलं होतं.

लस होती. फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची, महिन्याच्या अंतराने दोन डोस आणि मग पुन्हापुन्हा बूस्टर. सत्तरीत ती दिली गेली. हात सुजतो, ताप येतो म्हणून पुष्कळांनी दुसरा डोस घेतलाच नाही, आणि पुढे तिचा गुण पुरेसा येत नाही म्हणून ती बंदच झाली. नव्या लशीवर काम चालू आहे. ती लवकर यावी असं मला फार वाटतं. हा ताप शहरातल्या माणसाला सहसा होत नाही, आणि तो एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला जात नाही. त्यामुळे रानाकाठची मोजकी माणसं सोडली तर त्याची घाई कोणालाच नसते. त्या मोजक्यांत माझं घर आहे.

गेल्या शिमग्याला मी घरी होते. संध्याकाळी बाबा बागेतून आले की आता एक नेम ठरलेला आहे. कपडे अंगणातच उतरवून बादलीतल्या कढत पाण्यात टाकायचे, साबणाने आंघोळ, मग पडवीत दिव्याखाली उभं राहायचं. आई टॉर्च घेऊन गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, कमरेच्या करगोट्यापाशी बघते. बाबा आधी लाजायचे. आता आपणच हात वर करतात. त्या दिवशी टॉर्च फिरत असतानाच ते म्हणाले, "बाय, वरच्या अंगाला एक वानर पडलंय."

माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "बाबा, तू हात लावलास?"

"नाही. लांबून बघितलं नि मागे फिरलो. दुपारीच आरोग्य केंद्रात फोन केलाय. उद्या येतो म्हणाले."

सकाळी खात्याची माणसं आली. हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क. त्यांनी नमुने घेतले, वानराला हलवलं आणि भोवती मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पांढरी पावडर मारली. ती जीप गेल्यावर बाबा अंगणातल्या जास्वंदीशी गेले. चार फुलं तोडली. वरच्या वाटेने गेले आणि पावडरीची पांढरी कड जिथे संपत होती, तिथे अलीकडे एका सपाट दगडावर ती ठेवून, चप्पल बाजूला न काढता, उभ्यानेच हात जोडून आले. पंचा त्यांनी घरी ठेवला होता.